विश्लेषण : पुस्तक नेमके कोणत्या वर्गात? गणिताचे प्राध्यापक रंगनाथन यांनी दिलेले उत्तर आणि त्यातला न सुटलेला भाग

मोबाइलवर कुर्ता विकत घेताना ‘फिल्टर’चे बटण दाबले की काही प्रश्न समोर येतात. माप कोणते, रंग कोणता, कापड सुती की रेशमी, किंमत किती. यातला प्रत्येक प्रश्न स्वतंत्र असतो आणि उत्तरे हवी तशी जुळवता येतात. निळ्या, सुती, मध्यम मापाच्या आणि सहाशे रुपयांच्या आतल्या कुर्त्यांचा कप्पा दुकानदाराने आधी करून ठेवलेला नसतो. ग्राहकाचे बोट टेकते त्या क्षणी तो तयार होतो. वस्तूचे असे स्वतंत्र पैलू पाडायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे, ही रीत ज्ञानाच्या सगळ्या विषयांना लावून दाखवणारे गृहस्थ संगणकतज्ज्ञ नव्हते. ते मद्रासमधले गणिताचे प्राध्यापक होते आणि ग्रंथपालाच्या खुर्चीत पहिल्या काही दिवसांतच कंटाळले होते.

शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव महाराष्ट्रातल्या वाचनालयांत दरवर्षी १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, हमखास घेतले जाते. प्रतिमेला हार घातला जातो, ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली जातात. त्यांच्या कामातला अवघड भाग मात्र त्या भाषणांत सहसा येत नाही. तो भाग एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा आहे. वर्ग म्हणजे काय? अमुक गोष्ट अमुक वर्गात बसते, हे कशाच्या आधारे ठरवायचे? संगणकाला माहितीचा अर्थ कळावा म्हणून आज एखाद्या क्षेत्रातल्या गोष्टींच्या, त्यांच्या प्रकारांच्या आणि परस्परसंबंधांच्या काटेकोर व्याख्या लिहिल्या जातात. त्या व्यवस्थेला ऑन्टॉलॉजी म्हणतात. ती लिहिणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो.

गणिताच्या वर्गातून ग्रंथालयात कसे?

रंगनाथन यांचा जन्म १८९२ मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या शियाळी या गावी झाला. वडील लहानपणीच वारले. मुलगा हुशार होता, पण बोलताना अडखळायचा. पुढे वर्गात शिकवता शिकवता त्यांनी या तोतरेपणावर बरीच मात केली. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी गणितात बीए आणि एमए केले. तिथले प्राध्यापक एडवर्ड रॉस हे त्यांचे आवडते गुरू. रामानुजन यांच्याबद्दल रंगनाथन यांना वाटणारे कुतूहलही त्याच वातावरणातले. उतारवयात त्यांनी रामानुजन यांच्यावर पुस्तकही लिहिले. एमए झाल्यावर अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन ते मंगळूर, कोइम्बतूर आणि शेवटी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवू लागले.

प्राध्यापकाचा पगार बेताचा होता. मद्रास विद्यापीठाला पहिला पूर्णवेळ ग्रंथपाल हवा होता आणि त्या पदाचा पगार चांगला होता. अर्ज शेकड्यांनी आले, पण प्रशिक्षित म्हणावा असा उमेदवार त्यांत जवळपास कोणीच नव्हता. रंगनाथन यांचीही तयारी मुलाखतीच्या आधी विश्वकोशातली ग्रंथालयांवरची नोंद वाचण्यापुरतीच होती, असे सांगितले जाते. तरी नेमणूक त्यांची झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले.

मुलांनी भरलेल्या वर्गाची सवय असलेल्या माणसाला ते रिकामे दालन सोसवेना. थोड्याच दिवसांत त्यांनी पुन्हा शिकवण्याचे काम मागितले. विद्यापीठाने तोडगा काढला. ग्रंथपालांनी आधी इंग्लंडला जाऊन हे शास्त्र शिकून यावे, परत आल्यावरही मन रमले नाही तर कॉलेजची वाट मोकळी आहे. त्याच वर्षी रंगनाथन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. तिथे वर्गीकरण शिकवायला डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स होते. क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख असलेले हे गृहस्थ वर्गीकरणाकडे तर्कशास्त्राचा भाग म्हणून पाहायचे. गणिताच्या माणसाला ही भाषा कळत होती. उरलेला वेळ रंगनाथन यांनी इंग्लंडमधली ग्रंथालये पालथी घालण्यात घालवला. शंभराच्या आसपास ग्रंथालये त्यांनी पाहिली. परत गणिताकडे जाण्याचा विषय मग निघालाच नाही.

मेकॅनोचे खेळणे आणि कपाटाची अडचण

त्या काळी जगात सर्वाधिक चालणारी पद्धत मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकी ग्रंथपालाची होती. १८७६ मध्ये आलेल्या या पद्धतीत सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असे कप्पे पाडून त्यांना दशांश क्रमांक दिलेले होते. पुस्तक हाती आले की यादीत बोट फिरवायचे आणि जवळचा कप्पा पाहून त्यात टाकायचे. छोट्या वाचनालयाला ही सोय उत्तम होती, आजही आहे. पण ड्यूईच्या यादीत जग एका कोपऱ्यातून पाहिलेले होते. धर्माला दिलेल्या शंभर क्रमांकांत ख्रिस्ती धर्माने बहुतेक जागा व्यापलेली, आणि हिंदू, बौद्ध, इस्लामसह बाकी सगळे शेवटच्या दहा क्रमांकांत. मद्रासच्या ग्रंथालयात अशी यादी वापरणे म्हणजे एक कपाट फुटेपर्यंत भरायचे आणि शेजारची नऊ रिकामी ठेवायची.

रंगनाथन यांना खुपलेला दोष याच्याही पुढचा होता. यादी कितीही मोठी केली तरी ती आधी लिहिलेली असते, आणि पुस्तके नंतर येत राहतात. फुप्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनी केलेल्या उपचारांचे भारतातले संशोधन, असा विषय असेल तर पुस्तक फुप्फुसांखाली ठेवायचे, क्षयाखाली, क्ष-किरणांखाली की भारताखाली? यादी करणाऱ्याने हा नेमका जोड कल्पिलेला नसतो. मोबाइलमधल्या फोटोंचे फोल्डर करतानाही हेच होते. ‘लग्न’, ‘कुटुंब’, ‘२०२३’ आणि ‘कोकण’ अशी चार फोल्डर केली, तर २०२३ साली रत्नागिरीत झालेल्या मावसबहिणीच्या लग्नाचा फोटो चारही ठिकाणी हक्क सांगतो. फोटोत काहीच बिघाड नाही. फोल्डर करताना प्रसंग, माणसे, काळ आणि जागा हे चार वेगळे प्रश्न एकाच रांगेत बसवले गेले, तिथे घोळ झाला.

या घोळातून वाट दिसली ती लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात. तिथे मेकॅनो या खेळण्याचे प्रात्यक्षिक चालले होते. भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, चाके, दांडे आणि नट-बोल्ट. त्याच तुकड्यांतून विक्रेता एकदा एक खेळणे बनवायचा, ते सोडवून दुसरे. रंगनाथन यांच्या डोक्यात तिथे ठिणगी पडली. तयार खेळण्यांची यादी कशाला हवी? तुकडे द्यावेत, आणि ते जोडायला नट-बोल्ट द्यावेत. पट्ट्या म्हणजे विषयाचे सुटे घटक, आणि नट-बोल्ट म्हणजे कोलन हे विरामचिन्ह. भारतात परतताना बोटीवरच त्यांनी आराखडा मांडायला घेतला आणि बोटीच्या ग्रंथालयातली पुस्तके त्यावर तपासून पाहिली. १९२५ मध्ये ते मद्रासला परतले. पुढची काही वर्षे विद्यापीठाचे ग्रंथालय हीच त्यांची प्रयोगशाळा होती. १९३३ मध्ये ‘कोलन क्लासिफिकेशन’ प्रसिद्ध झाले. मराठीत त्याला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात.

विषय जोडण्यासाठी कोलन वापरण्याची कल्पना त्यांचीच पहिली, असे मात्र नाही. ब्रसेल्सच्या पॉल ओत्ले आणि आंरी ला फोंतेन यांनी ड्यूईची पद्धत वाढवताना जोडचिन्हे आधीच आणली होती. पण तिथे जोडणी ही तयार यादीला लावलेली पुस्ती होती. रंगनाथन यांनी यादीच मोडीत काढून जोडणीवर अख्खी पद्धत उभी केली.

पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक काय सांगतो?

क्षयाचे वरचे उदाहरण या पद्धतीचा नमुना म्हणून नेहमी दिले जाते. संशोधन १९५०च्या सुमाराचे धरले तर शेवटच्या आवृत्तीच्या रीतीने क्रमांक असा होतो : एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४’एन५. दिसायला हा पासवर्ड वाटतो, पण तो वाचता येतो. एल म्हणजे वैद्यक, ४५ म्हणजे फुप्फुसे, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण, एफ संशोधन, ४४ भारत, आणि एन५ म्हणजे विसाव्या शतकातले सहावे दशक. मधली चिन्हे शोभेची नाहीत. पुढचा तुकडा कोणत्या जातीचा आहे ते ती सांगतात. स्वल्पविराम वेगळे सांगतो, अर्धविराम वेगळे, कोलन वेगळे. पहिल्या आवृत्तीत हे सगळे काम एकटा कोलन करायचा. चिन्हांची वाटणी पुढच्या आवृत्त्यांत झाली.

तुकड्यांचा क्रमही मनाला येईल तसा लावायचा नव्हता. त्यासाठी रंगनाथन यांनी भिंत आणि चित्राचा नियम केला. भिंतीवर चित्र काढायचे तर आधी भिंत हवी. तसेच उपचार म्हटले की आधी आजार हवा, आणि आजार म्हटला की तो जिथे होतो तो अवयव हवा. म्हणून आधी फुप्फुसे, मग क्षय, मग उपचार. याचा फायदा कपाटापाशी उभ्या वाचकाला होतो. क्षयाच्या पुस्तकांच्या डाव्या-उजव्या हाताला त्याच्या जवळचे विषय असतात आणि जसजसे दूर सरकावे तसतसे विषयही दूरचे होत जातात.

वर्गाला अटी हव्यात

रंगनाथन यांचा खरा कस १९३७ मध्ये आलेल्या ‘प्रोलेगोमेना टु लायब्ररी क्लासिफिकेशन’ या ग्रंथात लागला. इथे त्यांनी क्रमांक बाजूला ठेवले आणि वर्ग पाडण्याचे नियम लिहिले. भूमितीच्या पुस्तकात गृहीतके असतात तसे. त्यातले काही आज डेटाबेस बनवणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटतील.

ज्या लक्षणावरून वर्ग पाडायचे त्याने किमान दोन वर्ग पडले पाहिजेत. सगळ्याच गोष्टींत सारखे असलेले लक्षण कामाचे नाही. लक्षण हेतूला धरून असले पाहिजे. पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा रंग हे लक्षण खरे, पण वाचक तसे पुस्तक शोधत नाही. लक्षण तपासून ठरवता आले पाहिजे. आणि हेतू बदलत नाही तोवर ते टिकून राहिले पाहिजे. शिवाय एका रांगेतले वर्ग एकमेकांत घुसता कामा नयेत आणि सगळे मिळून रांग पूर्ण झाली पाहिजे, कोणतीही गोष्ट बाहेर लोंबकळत राहू नये. फोटोंच्या त्या चार फोल्डरांनी एकमेकांत न घुसण्याची अट मोडलेली असते.

तपासून ठरवता येण्याच्या अटीचे उदाहरण सुरेख आहे. साहित्यिकांचा क्रम कालानुसार लावायचा तर मृत्यूचे वर्ष हे निश्चित लक्षण आहे, पण हयात लेखकाबाबत ते कोणालाच माहीत नसते. म्हणून रंगनाथन यांनी जन्मवर्ष घेतले. शेक्सपिअर १५६४ मध्ये जन्मला, म्हणून त्याचा क्रमांक ओ१११,२जे६४. ओ साहित्य, १११ इंग्रजी, २ नाटक, जे म्हणजे इसवी सन १५०० पासूनचे शतक आणि ६४ त्यातले वर्ष. नाटककाराचे नाव न घेता नाटककार सापडतो. अर्थात ही अट रंगनाथन यांनाही पुरती पाळता येत नाही. तुकारामांच्या जन्मवर्षाबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही. जन्मवर्षावर बेतलेला क्रमांक तिथे एका मताच्या बाजूने झुकतोच.

टिकून राहण्याची अट आज वेगळ्या रूपात भेटते. रुग्णालयाच्या संगणकासाठी ऑन्टॉलॉजी लिहिताना ‘माणूस’ हा वर्ग आणि ‘रुग्ण’ हा वर्ग एकाच धर्तीचे धरता येत नाहीत. माणूस असेपर्यंत माणूस राहतो. रुग्ण बरा झाला की रुग्ण राहत नाही, माणूस मात्र तोच असतो. एक प्रकार आहे, दुसरी भूमिका. दोन्ही एकाच शिडीवर टाकले की संगणक डिस्चार्ज मिळालेल्या माणसाला यादीतून पुसून टाकण्याइतके मूर्ख निष्कर्ष काढू शकतो. म्हणून प्रत्येक वर्गाला अटी लावतात : वर्गात येण्यासाठी काय असलेच पाहिजे, काय असले म्हणजे पुरे, आणि कोणत्या दोन वर्गांत सामाईक काहीच असू शकत नाही. ही परंपरा मुख्यतः तर्कशास्त्रातून आली, रंगनाथन यांच्याकडून थेट नव्हे. पण गणिताच्या शिस्तीतून आलेल्या ग्रंथपालाने कपाटापाशी उभे राहून तोच प्रश्न विचारला होता, हे विसरता येत नाही.

पुस्तक या वस्तूबद्दलही त्यांनी असाच भेद केला. आशय हा पुस्तकाचा आत्मा, तो ज्या भाषेत आणि मांडणीत व्यक्त होतो ते सूक्ष्म शरीर, आणि कागद-पुठ्ठा हे स्थूल शरीर. भारतीय तत्त्वज्ञानातली उपमा त्यांनी सरळ सूचीच्या कामाला जुंपली. १९९८ मध्ये ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सूचीसाठी जो आराखडा प्रसिद्ध केला त्यात कृती, अभिव्यक्ती, प्रकाशन आणि प्रत असे चार स्तर आहेत. एक कादंबरी, तिचा अनुवाद, त्या अनुवादाची आवृत्ती आणि त्या आवृत्तीची कपाटातली कोपरा दुमडलेली प्रत, या चार वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यात स्पष्ट होते.

मद्रासची वीस वर्षे

ग्रंथालय रंगनाथन यांच्यासाठी नुसता तर्काचा खेळ नव्हता. मद्रास विद्यापीठात त्यांनी कपाटे वाचकांसाठी उघडी केली, वेळा वाढवल्या, सुट्टीच्या दिवशीही दार उघडे ठेवले. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा राहिला, पुढच्या वर्षी प्रशिक्षण वर्ग सुरू झाले. १९३१ मध्ये पाच सूत्रांचा ग्रंथ आला. पुस्तके वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे, हा त्यांचा आशय. त्याच वर्षी मन्नारगुडीला बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय खेडोपाडी निघाले, त्याच्या उद्घाटनाला रंगनाथन गेले होते.

घरी याच काळात मोठा आघात झाला. १९२८ मध्ये पहिल्या पत्नी रुक्मिणी यांचा मंदिराच्या तळ्यात बुडून मृत्यू झाला. पुढे त्यांनी शारदा यांच्याशी विवाह केला. लग्नाच्या दिवशीही ते ग्रंथालयात कामावर गेले, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. भक्तिभावाने सांगितली जाणारी ही आठवण वाचताना शारदाबाईंना त्या दिवशी काय वाटले असेल, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

वीस वर्षे कधी रजा न घेतलेल्या या माणसाला शेवटी मद्रास सोडावे लागले. नव्या कुलगुरूंशी पटेना आणि १९४५ मध्ये त्यांनी पद सोडले. काही काळ ते खचले होते. तेव्हा राधाकृष्णन यांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात बोलावले. तिथे दोन वर्षांत सुमारे लाखभर पुस्तकांचे वर्गीकरण आणि सूचीकरण त्यांनी बहुतांशी एकट्याने केले. १९४७ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात गेले. १९४८ मध्ये मद्रास प्रांताचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, त्यामागे त्यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. स्वतंत्र भारतातला हा असा पहिला कायदा. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा.

पाच खणांतला एक खण रिकामा

दिल्लीच्या काळात त्यांनी सगळ्यात धाडसी पाऊल टाकले. वैद्यकातले पैलू वेगळे, शेतीतले वेगळे, इतिहासातले वेगळे, अशी प्रत्येक विषयाची स्वतंत्र यादी ते तोवर करत होते. आता त्यांनी मांडले की कोणत्याही विषयातले सगळे पैलू शेवटी पाचच मूलभूत गटांत मोडतात : व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काळ. १९५२ च्या चौथ्या आवृत्तीत ही पाच नावे पद्धतीच्या पायाशी आली.

काळ आणि अवकाश ओळखायला सोपे. ऊर्जा म्हणजे क्रिया, प्रक्रिया, उपचार, उत्पादन, हेही समजते. पदार्थ म्हणजे कशाचे बनले आहे ते. व्यक्तित्व मात्र हाती लागेना. वैद्यकात तो अवयव असतो, शेतीत पीक, साहित्यात भाषा आणि लेखक, ग्रंथालयशास्त्रात ग्रंथालयाचा प्रकार. या सगळ्यांत समान काय? रंगनाथन यांनी दिलेले उत्तर त्यांच्या स्वतःच्या शिस्तीला न शोभणारे होते. आधी काळ काढा, मग अवकाश, मग ऊर्जा, मग पदार्थ; जे उरेल ते व्यक्तित्व. वर्गाला तपासता येणारे लक्षण हवे असा नियम लिहिणाऱ्याने सर्वांत महत्त्वाचा वर्ग उरलेल्यांचा वर्ग म्हणून सोडला. त्यांनी ही अडचण लपवली मात्र नाही. या गटाची व्याख्या होत नाही, तो ओळखावा लागतो, हे ते विद्यार्थ्यांना उघड सांगत. पाच गट हे सिद्ध केलेले सत्य नसून मान्य करून पुढे जायचे गृहीतक आहे, असा त्यांचा बचाव होता. गणितात तो चालतो. ग्रंथपालाला मात्र हातातले पुस्तक दुपारपर्यंत कपाटात लावायचे असते.

टीका झाली ती इथेच. लंडनमध्ये १९५२ मध्ये स्थापन झालेल्या वर्गीकरण संशोधन गटाने रंगनाथन यांची पैलू पाडण्याची रीत मनापासून उचलली, पण पाचाचा आकडा नाकारला. ब्रायन विकरी आणि इतरांनी प्रत्येक विषयाला त्याचे पैलू त्याच्याकडूनच विचारावेत, हवे तितके होऊ द्यावेत, असा मार्ग धरला. १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्किंग इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पैलू-पद्धतीला मान्यता मिळाली. आज खरेदीच्या ॲपमधला फिल्टर कुर्त्याला बाही विचारतो आणि मोबाइलला बॅटरी, तो या लंडनच्या वाटेने गेलेला आहे. फिल्टरला व्यक्तित्वाची गरज पडत नाही, कारण त्याला वस्तू एका कपाटात एका रांगेत लावायची नसते. रंगनाथन यांना ती लावायची होती. पहिला तुकडा कोणता, हे ठरल्याशिवाय रांग सुरू होत नाही.

पद्धतीचा प्रसारही याच कारणाने अडला. भारतातल्या काही विद्यापीठ ग्रंथालयांपलीकडे ती फारशी गेली नाही. क्रमांक लांबलचक, आवृत्तीगणिक नियम बदललेले, आणि प्रत्येक बदलाला हजारो पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या. बहुतेक ग्रंथपालांनी ड्यूईलाच धरून ठेवले, आणि पगारातल्या वेळेचा हिशेब केला तर त्यांना दोष देता येत नाही.

बंगळूरचा शेवटचा मुक्काम

दिल्ली सोडल्यावर दोन वर्षे झुरिचला राहून रंगनाथन यांनी आपले ग्रंथ नव्याने लिहिले. १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये देऊन त्यांनी मद्रास विद्यापीठात शारदाबाईंच्या नावाने अध्यासन सुरू केले. ज्या विद्यापीठातून ते दुखावून बाहेर पडले होते, तेच हे विद्यापीठ. १९६२ मध्ये महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने बंगळूरला प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढले आणि ते रंगनाथन यांच्या हाती सोपवले. १९६५ मध्ये त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकाचा मान मिळाला. तोवर संगणक आले होते. केंद्रातल्या तरुण सहकाऱ्यांनी या क्रमांकांवर संगणकाचे प्रयोगही केले. तुकडे आणि जोडचिन्हे ही भाषा यंत्राला सोपी जात होती.

सातव्या आवृत्तीचे काम चालू असतानाच २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूरला त्यांचे निधन झाले. ती आवृत्ती त्यांचे सहकारी एम. ए. गोपीनाथ यांच्या संपादनाखाली १९८७ मध्ये आली. तिच्यातला एक बदल वरवर पाहता एका चिन्हाचा आहे. १९६० च्या सहाव्या आवृत्तीत आजार ऊर्जेच्या गटात होता, म्हणजे शरीरात घडणारी क्रिया. त्याच्या आधी कोलन यायचा. रंगनाथन यांनी उत्तरायुष्यात पदार्थाचा गट फोडून त्यात गुणधर्मांनाही जागा केली, आणि ऊर्जेतल्या बऱ्याच गोष्टी तिकडे गेल्या. आजारही गेला. आता क्षयाच्या ४२१ आधी कोलन जाऊन अर्धविराम आला. क्षय शरीरात घडतो की शरीराला असतो, या प्रश्नावर ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या गणितज्ञाने आपले मत बदलले होते.

वैद्यकीय माहितीच्या ऑन्टॉलॉजी लिहिणाऱ्यांमध्ये हा वाद आजही आहे. एका प्रमुख मांडणीत आजार म्हणजे शरीरातली एक प्रवृत्ती, आणि रुग्णाला दिवसेंदिवस जे भोगावे लागते तो आजाराचा प्रवास ही वेगळी, प्रक्रियेच्या वर्गातली गोष्ट. क्षयाचे जंतू अंगात आहेत पण खोकला, ताप काहीच नाही, अशा माणसाची नोंद कोणत्या वर्गात करायची, हे त्या भेदावर ठरते. नोंद चुकली तर गावातल्या रुग्णांची संख्याही चुकते आणि गोळ्या कोणाला पाठवायच्या त्याची यादीही. काही तज्ज्ञांना ही मांडणी पटते, काही आजाराला अवस्था मानतात. सहाव्या आवृत्तीप्रमाणे लावलेली पुस्तके अजून ज्या कपाटांत आहेत, तिथे क्षयाच्या क्रमांकात कोलनच आहे.